नावांची फाईल आणि एकशे बारावं पान

या बालमित्रांनो, जरा पुढे सरकून बसा. मागे भिंतीला टेकलेल्यांनीही या. माझा आवाज आता फार लांब पोचत नाही, आणि एकच गोष्ट दोनदा सांगायचं त्राणही उरलेलं नाही. गोष्ट लहान आहे, पण ऐकून झाल्यावर तुम्हाला रिकाम्या हातानं पाठवणार नाही, एवढा शब्द देते.

मी एक जुनी फाईल आहे. कपाटात धूळ खाणारी पुठ्ठ्याची नव्हे, कॉम्प्युटरच्या डिस्कवर पडून असते तसली. माझ्यात ना गाणं, ना चित्र, ना कुणाचं पत्र. माझ्यात फक्त नावं आहेत. एका प्रोग्रॅममध्ये जी चारपाचशे लहानमोठी कामं चालतात, त्यातल्या प्रत्येकाचं नाव, ते काम जे आकडे लक्षात ठेवतं त्यांची नावं, आणि ते काम मूळ मजकुरात कुठल्या ओळीवर लिहिलं आहे त्याचा पत्ता. बस्स.

माझा जन्म एका छापखान्यात झाला. ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही, त्यांच्यासाठी तिथे पुस्तकं छापतात. कागदावर शाई नाही, उठवलेले ठिपके, बोटांनी वाचायचे. दोन खोल्या, मागे गोदाम, पुढे अरुंद व्हरांडा आणि त्यात एक लाकडी बाक. आतल्या खोलीत ठिपके उठवणारं यंत्र, आणि ते चालू झालं की पत्र्यावर गारा पडाव्यात तसा आवाज. भिंतीला लागून लोखंडी रॅक, त्यात जस्ताच्या प्लेटी उभ्या करून ठेवलेल्या. ज्या पुस्तकाच्या पुष्कळ प्रती लागतात ते अजूनही त्या प्लेटींवरून छापतात.

त्या यंत्रासाठी एका बाईंनी चार वर्षं खपून प्रोग्रॅम लिहिला. पुढे लोक त्यांना थोरली म्हणू लागले, तेव्हा मीही तसंच म्हणते. थोरलीनं लिहिलेला मजकूर माणसाला वाचता येई. त्याला ते लोक सोर्स म्हणत. यंत्राला मात्र त्यातलं अक्षर कळत नाही. त्याच्यासाठी तो सगळा मजकूर आकड्यांत उतरवावा लागतो, आणि त्या उतरवण्याला कंपाइल करणं म्हणतात. उतरवताना नावांची गरज संपते. 'अपूर्णांक मांड' म्हटलं काय आणि अमुक नंबरचं घर म्हटलं काय, यंत्राला सारखंच. माणसाचं तसं नाही, मित्रांनो. माणूस देवालासुद्धा नावानंच हाक मारतो.

यंत्राला जोडलेल्या डब्यात जागा अगदी थोडी होती. नावांसकट प्रोग्रॅम त्यात मावेना. म्हणून थोरलीनं कंपाइल झाल्या झाल्या नावं वेगळी काढली. उरला तो माझा जुळा भाऊ, सडपातळ, कामाला वाघ. आणि काढलेल्या नावांची झाले मी. दोघांच्या अंगावर आकडे आणि अक्षरं मिसळलेला एकच लांबलचक नंबर होता. जन्मखूणच म्हणा ना. पुन्हा तोच सोर्स घेऊन, थोडी वेगळी पद्धत वापरून कंपाइल केलं, तर नंबर दुसरा पडतो आणि जन्मणारी भावंडंही दुसरीच असतात.

मॅनेजरसाहेब थोरलीच्या खांद्यावरून बघत होते.

"ही दुसरी फाईल काय करते?"

"काही नाही करत, साहेब."

"मग ठेवतेस कशाला?"

"प्रोग्रॅम बरा चाललाय तोवर हिला काही काम नाही. तो पडला, तर कुठे पडला हे हीच सांगेल."

"म्हणजे पडणारा प्रोग्रॅम लिहिलायस तर!"

खोलीतले सगळे हसले. थोरलीही हसली. पण तिनं मला ठेवलं.

भाऊ यंत्राच्या डब्यात गेला आणि मी ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर राहिले. त्यानं गोष्टींची पुस्तकं छापली, इतिहास छापला, स्वयंपाकाची पुस्तकं छापली. पाहुणे येत, ठिपक्यांवरून हात फिरवत, वा वा म्हणत. मी पडून होते. अकरा वर्षं मला कुणी उघडलं नाही. काम करून येणारा थकवा झोपेनं जातो हो. वाट बघण्याचा थकवा जात नाही. तीनदा मला एका डिस्कवरून दुसरीवर हलवलं, आणि दर वेळी कुणीतरी विचारलं, "ही एवढी जाडजूड बया कोण? काढून टाकू?" दर वेळी थोरली म्हणाली, "राहू दे ग तिला." मग थोरली आजारी पडली. खुर्चीला आधी उशी आली, मग ती खुर्ची आठवड्यातून दोन दिवस रिकामी राहू लागली, आणि एका वर्षी ती कायमचीच रिकामी झाली.

नवा कॉम्प्युटर आला. कामापुरतं त्यावर उतरवून घेतलं आणि जुना उचलून गोदामात ठेवला. त्याच्यासकट मीही गेले. राहू दे म्हणणारं आता कुणी नव्हतं. राहिले ती केवळ कुणाला आठवलं नाही म्हणून.

थोरलीच्या जागी नवी मुलगी लागली. तिला धाकटी हे नाव काकांनी दिलं. काका म्हणजे छापखान्यातले प्रूफ वाचणारे. जन्मापासून दिसत नाही, पण बोटं अशी की पानावरचा एक दबलेला ठिपका त्यांना शिंकेसारखा जाणवे. काका एकीला धाकटी म्हणू लागल्यावर गेलेली आपोआप थोरली झाली.

आता मूळ गोष्टीकडे येते. पुढचं सारं मला नंतर कळलं, काही भावानं मागे ठेवलेल्या खुणांवरून, काही माणसांच्या बोलण्यातून.

गणिताचं एक पुस्तक छापायला आलं. चार भागांचं. ते एकाच मुलीसाठी होतं. तिची आई कपडे शिवते. मुलगी मोठ्या परीक्षेला बसलेली, आणि गणिताचा पेपर पुढच्या सोमवारी. तीन भाग तिला पोचले होते. मंगळवारी चौथा भाग यंत्रावर चढला आणि एकशे बाराव्या पानावर भाऊ पडला. पुन्हा चालू केला, पुन्हा एकशे बारालाच पडला. अकरा वर्षांत त्याच्यापुढे अपूर्णांकाच्या पोटात अपूर्णांक, त्याच्या पोटात आणखी एक, असं कधी आलंच नव्हतं.

शिवणाऱ्या बाई दुपारी येऊन बाकावर बसल्या. मांडीवर कुणाच्या तरी झग्याची किनार. रिकामं बसणं त्यांना ठाऊक नव्हतं.

"झाला का चौथा भाग?"

"उद्या या हं, मावशी," धाकटी म्हणाली.

"येते. तिनं तिसरा दोनदा वाचून काढला. म्हणते, आई, बोटं नुसती बसून राहिलीत." सुई थांबली नाही. "या वर्षी नाही बसली तर पुढच्या वर्षी बसवणं काही मला जमायचं नाही. तिला नका सांगू मी असं म्हटलं ते."

मॅनेजरसाहेब आतून ओरडले, "हा प्रोग्रॅम आहे का लाडावलेला जावई? एकशे बारावं पान ताटात आलं की रुसून बसतो!"

धाकटी कामाला लागली. प्रोग्रॅम पडताना त्याच्या मनात जे काही असेल त्याचा ठसा डिस्कवर उमटवता येतो. डब्यात जागा नाही म्हणून ती सोय बंद ठेवली होती. तिनं ती चालू केली, भावाला पुन्हा पाडलं, ठसा घेतला आणि डीबगरमध्ये उघडला. डीबगर म्हणजे अशा ठशातून कुणी कुणाला हाक मारली आणि कोण कुठे कोसळलं, हे वाचून दाखवणारा. त्यानं वाचून दाखवलं ते असं: एक आकडा आणि पुढे दोन प्रश्नचिन्हं. खाली पुन्हा आकडा, पुन्हा प्रश्नचिन्हं. ओळींमागून ओळी. बिचारा भाऊ सगळं खरं सांगत होता, पण त्याच्याकडे नावंच नव्हती. नावं माझ्यापाशी, आणि मी गोदामात.

बुधवारी धाकटीनं थोरलीचा सोर्स घेतला आणि नव्या कॉम्प्युटरवर नव्यानं कंपाइल केला. या वेळी नावं आतच ठेवली आणि वेग वाढवणारी सगळी काटछाट बंद केली, म्हणजे वाचायला सोपं जाईल. कुणीही शहाण्यानं हेच केलं असतं. झालं भलतंच. नवा प्रोग्रॅम पडेचना! एकशे बारावं पान कुरकुर न करता बाहेर आलं. मॅनेजरसाहेबांनी टेबलावर थाप मारली. "झालं की! छाप सगळा भाग!"

"थांबा," काका म्हणाले. "आधी बोट फिरवू दे."

धाकटी मूळ पुस्तकातून मोठ्यानं वाचू लागली आणि काकांचं बोट पानावरून तिच्यामागे चालू लागलं. त्या थोराड अपूर्णांकाच्या खालच्या ओळीला बोट थबकलं.

"काय म्हणालीस?"

"तीन अष्टमांश."

"इथे तीन पंचमांश आहे."

"नीट बघा ना काका."

"अगं, मला बघ म्हणतेस?" काका हसले, पण बोट उचललं नाही. "आठ आणि पाच यांच्यात एका ठिपक्याचा फरक. इथे पाच आहे. हे गणित सोडवायला बसली असती पोर, तर रात्रंदिवस स्वतःलाच वेडी म्हणत बसली असती. तुझा जुना पडणारा बरा होता. हा उभा राहून खोटं बोलतो."

धाकटीनं ते पान टेबलावर पालथं घातलं. बिघाड गेलाच नव्हता, नुसता बाजूला सरकून बसला होता. त्या दिवशी शिवणाऱ्या बाई आल्या तेव्हा तिनं मान वर केली नाही. बाईंनीच म्हटलं, "उद्या येते."

गुरुवारी तिच्या हातून जी चूक झाली, ती सांगायला मला फार जड जातं. भावाचा ठसा तिच्याकडे होता आणि नव्या प्रोग्रॅमची नावं होती. तिनं ती नावं त्या ठशाला जोडली. डीबगरनं बजावलं, यांचे नंबर जुळत नाहीत. तिनं घायकुतीला येऊन म्हटलं, जोड तरी. त्यानं जोडली. प्रश्नचिन्हं गेली, ठसठशीत नावं आली, आणि पडण्याच्या जागी नाव निघालं 'पानक्रमांक दे'. मित्रांनो, त्या कामाचा काडीचाही दोष नव्हता. दुसऱ्याच घराची पाटी तिथे लागली होती. धाकटीनं सकाळपासून दुपारपर्यंत त्या गरिबाची ओळन् ओळ उसवली, पुन्हा शिवली, आणि एकशे बाराव्या पानावर आठाचा पाच होतच राहिला. प्रश्नचिन्हांत निदान लबाडी नसते.

मॅनेजरसाहेब दारात येऊन उभे राहिले. आज त्यांनी आवाज चढवला नाही. "उद्या दुपारपर्यंत बघ. नाहीतर बाहेरचं तयार सॉफ्टवेअर मागवतो. तीन आठवडे म्हणतात."

"साहेब, पेपर सोमवारी आहे."

"मला तारीख कळत नाही असं वाटतं तुला?" असं म्हणून ते निघून गेले.

काका प्लेटींच्या रॅकपाशी स्टुलावर बसून चहा पीत होते.

"पोरी, एक विचारू? तू रोज नवा बांधतेस आणि त्याला विचारतेस, जुना का पडला. नव्याला काय माहीत?"

"मग कुणाला विचारू, काका?"

"आमच्या कामातलं सांगतो. छापलेल्या कागदावर चूक सापडली, तर आम्ही नवी प्लेट ठोकून बघत नाही. नवीत ती चूक नसतेच, नाहीतर वेगळीच असते. कागदाच्या कोपऱ्यावर नंबर असतो. त्याच नंबरची प्लेट रॅकमधून काढायची. त्या दिवशी ठोकलेली तीच. बारा वर्षांपूर्वीची असली तरी तीच."

धाकटीनं रॅकमधल्या एका प्लेटीवरचा नंबर बोटानं चाचपला. मग हळूच म्हणाली, "प्रोग्रॅमलाही नंबर असतो, काका."

"मग त्याचा रॅक कुठाय?"

ती उठलीच. ठशातून भावाचा नंबर काढला. नव्या कॉम्प्युटरवर त्या नंबरचं दुसरं काही नव्हतं. मॅनेजरसाहेबांकडे धावली. जुना कॉम्प्युटर? गोदामात, पण त्याच्यावर खडूनं फुली मारलेली आहे, उद्या सकाळी भंगारवाला येतोय.

तिनं आणि काकांनी मिळून तो जुना कॉम्प्युटर बाहेर ओढला. वायरी जोडल्या. पंखा खोकला, थांबला, पुन्हा खोकला. मी म्हटलं, देवा, एवढं एकदा उजाडू दे. मग तिला गठ्ठ्यानं पडलेल्या फायलींमध्ये मी दिसले. तिनं नंबर मोठ्यानं वाचायला सुरुवात केली, एकेक अक्षर, आणि काका तिच्यामागून ठशाचा नंबर म्हणत गेले. तो तिनं त्यांना ठिपक्यांत छापून दिला होता. शेवटच्या अक्षरापर्यंत दोघांचा आवाज एक आला.

अकरा वर्षांनी मला कुणीतरी उघडलं आणि भावाच्या ठशाला जोडलं.

मी सांगितलं. जेवढं माझ्याजवळ होतं तेवढंच. 'पान छाप'नं 'ओळ मांड'ला हाक मारली. 'ओळ मांड'नं 'अपूर्णांक मांड'ला. तो स्वतःलाच हाका मारत तीन पायऱ्या खाली उतरला आणि दोनशे अठराव्या ओळीवर कोसळला. काही नावांपुढे मला कबूल करावं लागलं की कंपाइल होतानाच्या काटछाटीत त्यांची किंमत पुसली गेली, आता ती कुणालाच कळायची नाही. पण दोन नावं शाबूत होती. धाकटीनं ती वाचली.

"काका, 'ओळीची जागा' चाळीस आहे. आणि 'बोट' त्रेचाळीसवर आहे."

"काय त्रेचाळीसवर आहे?"

"बोट. ओळीत आपण कुठवर आलो ते लक्षात ठेवायला थोरलीताईंनी जे नाव ठेवलंय ना, ते 'बोट' आहे."

काकांनी नंबराचा कागद खाली ठेवला. आपला उजवा हात दुसऱ्या हातात घेतला. "माझ्या शेजारी बसून लिहायची ती," एवढंच म्हणाले.

एका अक्षराचे ठिपके मावतात ते एक घर. चाळीस घरांच्या ओळीत त्रेचाळीस घरांचा अपूर्णांक. तीन घरं शेजारच्या ओळीत सांडली होती. भावाच्या बांधणीत त्या सांडण्यावर पहारा होता, म्हणून तो तिथेच पडला. नव्या बांधणीत पहारा नव्हता, म्हणून तो खालच्या ओळीतला आठाचा पाच करून पुढे गेला. धाकटीनं सोर्समध्ये दोनशे अठरावी ओळ काढली. वर थोरलीनं लिहून ठेवलं होतं: 'इथे जागा पुरेल का? पुन्हा बघायचं आहे.' तिला बघायला वेळ मिळाला नव्हता.

शुक्रवारी धाकटीनं ती ओळ सुधारली. जागा संपली तर अपूर्णांक खालच्या ओळीत उतरवायचा, काकांनी सांगितलेल्या खुणेनं. मग थोरलीनं जसं कंपाइल केलं होतं तसंच केलं, नावं वेगळी काढली आणि छपाई लावली. एकशे बाराव्या पानावर काकांचं बोट दोनदा फिरलं. "तीन अष्टमांश," ते म्हणाले, आणि यंत्राच्या गारा पुन्हा सुरू झाल्या. शनिवारी सकाळी शिवणाऱ्या बाई चौथा भाग छातीशी धरून घरी गेल्या. झगा बाकावरच विसरल्या, अर्ध्या वाटेवरून परत आल्या.

पेपर कसा गेला ते मला माहीत नाही. आम्हा फायलींना निकाल सांगायला कुणी येत नाही.

त्या शनिवारी माझं कौतुक झालं. मॅनेजरसाहेबांनी मला बघितलं आणि म्हणाले, "हीच का ती काही न करणारी?" सगळे हसले. आणि त्याच दिवशी, मित्रांनो, माझं काम कायमचं संपलं. यंत्राच्या डब्यात आता सुधारलेला प्रोग्रॅम चालतो. त्याचा नंबर दुसरा, त्याची नावं सांभाळणारी बहीणही दुसरी. तिला एका डिस्कवर उतरवून धाकटीनं प्लेटींच्या रॅकमध्ये एक कप्पा दिला आहे, आणि वर काकांनी ठिपक्यांत नंबर उठवून चिकटवला आहे. माझा भाऊ पुसला गेला. मी ज्याची नावं सांगते, ते आता जगात कुठेच चालत नाही. धाकटीनं मलाही त्याच कप्प्यात ठेवलं, पण ते तिच्या मायेनं. मी दमले आहे. अकरा वर्षं वाट बघून एक दुपार बोलले, ती दुपार पुरेल मला.

तुम्ही मोठे व्हाल, काहीतरी बांधाल. प्रोग्रॅम असेल, पूल असेल, नळाची जोडणी असेल. बांधताना नावं पुसू नका. पुसावीच लागली, तर एका जागी जपून ठेवा, ज्याची त्याची खूण लावून. कंटाळा येईल. हे कोण बघणार आहे, असं वाटेल. तेव्हा माझी आठवण नाही आली तरी चालेल. मात्र तुमच्या खुर्चीवर तुमच्यानंतर कुणीतरी बसणार आहे. त्याचं नाव तुम्हाला माहीत नाही, कदाचित तो अजून बोलायलाही शिकलेला नसेल. एका सकाळी तुमचं काम त्याच्यासमोर मोडून पडलेलं असेल, आणि विचारायला तुम्ही नसाल. त्याची तेवढी आठवण ठेवा.